मायनिंगची डिग्री हातात आली, आता खाणीत कसं शिरायचं?

माझ्या पहिल्या नोकरीचे आठ महिने सरकारदरबारी झालेलेच नाहीत. रोज पहाटे साडेचारला उठून मी वणीकडच्या एका ओपनकास्ट, म्हणजे वरून उघड्या, खाणीवर जायचो, धूळ खायचो, डंपरच्या फेऱ्या मोजायचो. पगारही उशिरा का होईना मिळायचा. पण ज्या ठेकेदार कंपनीत होतो तिने माझं नाव खाणीच्या कामगार नोंदवहीत, ज्याला सगळे बी फॉर्म म्हणतात, कधी चढवलंच नव्हतं. दोन वर्षांनी मॅनेजरच्या परीक्षेसाठी अनुभवाचा दाखला मागायला गेलो, तेव्हा क्लार्कने रजिस्टर पुढून मागून चाळलं आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुम्ही तं इथं कधी आलेच नाही जी."

त्या आठ महिन्यांपायी हे लिहितोय. मला चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातल्या कोळसा खाणी जास्त ठाऊक, म्हणून उदाहरणं तिकडचीच येतील. झारखंडात किंवा छत्तीसगडात गेलात तरी कागद आणि खड्डे साधारण हेच.

पुढचं सगळं कळण्यासाठी एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. डिग्रीवर नोकरी लागते, पण खाण चालवायचा कायदेशीर हक्क मिळतो तो डीजीएमएसच्या, म्हणजे धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या सर्टिफिकेटने. आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास मॅनेजर. कॉलेजात हे कुणी नीट सांगत नाही. पहिली नोकरी निवडतानाही नजर त्या सर्टिफिकेटवरच ठेवा.

१. कोळसा की धातू, हे आधी ठरवा

खाण ती खाण, असं समजून पोरं मिळेल तिथे चिकटतात. पण कोळशाच्या खाणींना कोल माइन्स रेग्युलेशन्स, २०१७ लागू होतात आणि मँगनीज, लोहखनिज, चुनखडी, जस्त यांना मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१. दोन्हीकडची मॅनेजरची सर्टिफिकेटं वेगळी. कोळशाचं फर्स्ट क्लास घेऊन तुम्ही मँगनीजच्या खाणीत मॅनेजर म्हणून बसू शकत नाही. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं जिकडे गेली, साधारण तिकडेच पुढची वीस जातात.

कोळशाकडे जायचं तर आपल्याकडे वेस्टर्न कोलफिल्ड्स आहे, कोल इंडियाची नागपूरची कंपनी. धातूकडे जायचं तर मॉइलही नागपूरचीच. तिच्या मँगनीजच्या खाणी नागपूर, भंडारा आणि पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाटला आहेत. गडचांदूर-कोरपना भागात सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणी, गडचिरोलीत सुरजागडचं लोहखनिज, छत्तीसगडात बैलाडिला, राजस्थानात जस्ताच्या खाणी. गोव्याचं नाव पूर्वी पहिल्या पाचात यायचं. पण तिथलं लोहखनिजाचं काम २०१२ मध्ये आणि नंतर पुन्हा २०१८ मध्ये थांबलं, आणि माझ्या ओळखीच्या तिथल्या दोन इंजिनिअरांना ऐन तिशीत नव्याने सुरुवात करावी लागली. हाही विचार करून ठेवा: लीजचं भांडण कोर्टात गेलं की खाणीसोबत तुम्हीही बंद पडता.

अंडरग्राउंड की ओपनकास्ट, हा त्यातला पोटप्रश्न. फक्त ओपनकास्टचा अनुभव असेल तर सर्टिफिकेटही ओपनकास्टपुरतंच, म्हणजे रिस्ट्रिक्टेड, मिळतं. विदर्भातला बहुतेक कोळसा ओपनकास्टमधून निघतो, त्यामुळे बरेच जण त्यावरच समाधान मानतात. माझं मत विचाराल तर सुरुवातीलाच अंडरग्राउंड करून घ्या. चाळिशीनंतर इन्क्लाइन, म्हणजे खाणीत जाणारा उतार, उतरायला गुडघे तयार नसतात.

२. फाइल बनवा, आजच

हे लागेलच:

• दहावीची सनद आणि गुणपत्रिका (जन्मतारखेचा पुरावा हाच)
• डिग्री किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका
• आधार, पॅन, बँक पासबुक, फोटो
• जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस, केंद्राच्या नमुन्यातला
• गेट या इंजिनिअरिंगच्या राष्ट्रीय परीक्षेचं स्कोअरकार्ड
• चारित्र्य पडताळणी, जिथे मागतील तिथे

यातल्या दोन ओळींवर दरवर्षी कुणीतरी अडकतं. पहिली जातीच्या दाखल्याची. सेतू केंद्रातून मिळतो तो राज्याचा नमुना. कोल इंडिया केंद्राची कंपनी, तिला केंद्राचा नमुना हवा. कागदपत्रं तपासणीच्या दिवशी हे कळलं तर तहसील कार्यालय नागपुरातून हलवून आणता येत नाही.

दुसरी नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. कॉलेजने डिग्रीवर कधी आईचं नावही घातलेलं. आपल्याला हे तिन्ही एकच वाटतं, पण धनबादच्या किंवा कोलकात्याच्या टेबलावर ही तीन वेगळी माणसं असतात. दहावीच्या सनदेप्रमाणे सगळं सारखं करून घ्या, किंवा ही सगळी नावं माझीच आहेत असं प्रतिज्ञापत्र करून फाइलमध्ये ठेवा.

आणि अजून शिकत असाल तर एक चौकशी कराच: तुमच्या कॉलेजची मायनिंगची डिग्री मॅनेजरच्या परीक्षेसाठी केंद्र सरकारने मान्य केलेली आहे का? विद्यापीठाची मान्यता वेगळी, ही वेगळी. नव्या खासगी कॉलेजांबाबत हे आवर्जून बघा.

३. आत शिरायची तीन दारं

पहिलं दार गेटचं. मायनिंगचा पेपर एमएन या कोडने येतो. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, जे आपली पोरं हसत हसत सोडून देतात आणि नंतर रडतात. कोल इंडियाने मॅनेजमेंट ट्रेनीची भरती अलीकडे गेटवरच केली आहे. प्रशिक्षणात ई-२ ग्रेड, मूळ पगार ५०,००० पासून, वर्षभराने ई-३, तो ६०,००० पासून. महागाई भत्ता वगैरे वर. स्कोअर तीन वर्षं टिकतो हे खरं, पण जाहिरातीत बहुधा एकाच वर्षाचा स्कोअर मागतात. तेव्हा 'गेल्या वर्षीचा आहे की' म्हणून बसू नका.

दुसरं दार अप्रेंटिसशिपचं. पोरांना हे कमीपणाचं वाटतं, आणि माझा सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतो. डिग्रीनंतरच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणाला पीजीपीटी म्हणतात, डिप्लोमानंतरच्याला पीडीपीटी, मुदत एक वर्ष. केंद्र सरकारच्या नॅट्स या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव नोंदवायचं, कोळसा कंपन्यांची जाहिरात आली की अर्ज करायचा. विद्यावेतन तुटपुंजं. पण हे वर्ष डीजीएमएस अनुभवात धरतं, आणि तुम्हाला खाणीच्या प्रत्येक विभागातून फिरवतात: सर्व्हे, व्हेंटिलेशन, ब्लास्टिंग, सेफ्टी. माझे ठेकेदाराकडचे आठ महिने आणि पीजीपीटीचं वर्ष यांत पैसा पहिल्यात जास्त होता. उपयोग सगळा दुसऱ्यात झाला.

तिसरं दार खासगी. यात टाटा, वेदांतसारख्या मोठ्या कंपन्या एकीकडे, आणि माती काढायचा ठेका घेणाऱ्या, ज्यांना आपण आउटसोर्सिंग म्हणतो, त्या दुसरीकडे. आउटसोर्सिंगमध्ये जाऊच नका असं मी म्हणणार नाही. घरची परिस्थिती असते, आणि काम भरपूर शिकायला मिळतं. पण रुजू व्हायच्या आधी एवढं विचारा: माझं नाव बी फॉर्मवर चढणार का? अनुभवाच्या दाखल्यावर खाणीच्या मॅनेजरची सही मिळेल का, की फक्त तुमच्या एचआरचं पत्र? नेमणूक पत्रावर खाणीचं नाव असेल का? एचआरचं पत्र कितीही जाड कागदावर असलं तरी परीक्षेला चालत नाही. समोरचा 'होऊन जाईल' म्हणाला तर समजा, होणार नाही.

मुलींसाठी एक वेगळी ओळ. अंडरग्राउंडचं दार बायकांना कायद्यानेच बंद होतं. २९ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने ते तांत्रिक, पर्यवेक्षण आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत, लेखी संमतीने उघडलं. २०२१ मध्ये झारखंडात आकांक्षा कुमारी कोल इंडियाच्या अंडरग्राउंड खाणीत रुजू झालेल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनिअर ठरल्या. तरीही काही ठिकाणी तुम्हाला प्लॅनिंगच्या टेबलावर बसवायचा प्रयत्न होईल. टेबलावरची वर्षं परीक्षेच्या अनुभवात कशी धरली जाणार, हे लेखी विचारून घ्या.

४. मेडिकल आणि व्हीटी

रुजू होताना इनिशिअल मेडिकल: छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची क्षमता, कान, डोळे, रंग ओळखण्याची चाचणी. त्यानंतर ठरावीक वर्षांनी पुन्हा. पहिल्या एक्स-रेची प्रत स्वतःजवळ ठेवा. धुळीने छातीत काही झालं तर 'आधी काय होतं' हे दाखवायला तीच कामी येते.

मग व्हीटीसी, व्होकेशनल ट्रेनिंग सेंटर. इंजिनिअर म्हणून तिथे मागच्या बाकावर झोपायचा मोह होतो. झोपू नका. तिथे शिकवणारे बहुतेक खाणीतच आयुष्य काढलेले असतात. सेल्फ रेस्क्यूअर, म्हणजे विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत श्वास घ्यायचं उपकरण, तोंडात कसा धरायचा हे अंधारात, हात थरथरत असताना जमलं पाहिजे, आणि ते तिथेच जमवता येतं.

५. पहिला महिना ओव्हरमनच्या मागे

अंडरग्राउंडला जाताना लॅम्प रूममधून कॅप लॅम्प घ्यायचा, टोकन द्यायचं. खिशात काडीपेटी, बिडी, मोबाइल काही नको. झडती होते आणि ती साहेबाचीही होते. सुती कपडे, गमबूट, हेल्मेट.

पहिल्या आठवड्यात माझ्यासोबत एक ओव्हरमन, म्हणजे शिफ्टच्या कामावर देखरेख करणारे, होते, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. मी चोवीस वर्षांचा, ते मला 'साहेब' म्हणायचे आणि मी त्यांना 'काका'. फेसवर, म्हणजे कोळसा काढतात त्या जागी, पोचल्यावर त्यांनी हातातली काठी माझ्याकडे दिली. "साहेब, ठोकून पाहा." मी छतावर ठोकलं. "आता डावा हात वर लावून ठोका. बोटानं आयका." एका जागी टण्ण आवाज आला, बोटांना काहीच जाणवलं नाही. चार पावलांवर ठोकलं तर आवाज भद्द, रिकाम्या माठासारखा, आणि बोटांच्या टोकांना हलकीशी थरथर. तिथला थर वरून सुटला होता. आम्ही मागे आलो, जागा अडवली, आणि सपोर्टवाले येईपर्यंत काकांनी कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. रॉक मेकॅनिक्समध्ये मला चांगले गुण होते. पण छत बोलतं हे मला त्या दिवशी कळलं.

गॅसचंही तसंच. मिथेन हवेपेक्षा हलका, म्हणून डिटेक्टर छताजवळ धरायचा. हवेत पाच ते पंधरा टक्के असला की स्फोट होऊ शकतो. सव्वा टक्क्याला वीज तोडायची, हे पुस्तकात वाचलेलं असतं. काका सेफ्टी लॅम्पची ज्योत बारीक करून तिच्या टोकावरची फिकट निळी टोपी दाखवायचे. ती ओळखायला मला महिना लागला, आणि पुढे गॅस टेस्टिंगच्या परीक्षेत तेच विचारलं.

तेव्हा पहिला महिना हुकूम सोडायचे नाहीत. सरदार, सुरुंग उडवणारा शॉटफायरर, पंप खलाशी, सगळ्यांना 'तुम्ही' म्हणा. इथे अर्धे लोक वऱ्हाडीत बोलतात, अर्धे हिंदीत, आणि कोण नवीन साहेब किती पाण्यात आहे हे त्यांना तीन दिवसांत कळतं.

खाणीचा नकाशा पाठ करा, विशेषतः शेजारच्या जुन्या, पाणी भरलेल्या भागांचा. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनालात जुन्या कामांत साचलेलं पाणी चालू खाणीत फुटलं आणि ३७५ माणसं गेली. म्हणून नकाशावरची पाण्याची खूण नुसती शोभेची नसते.

६. ओपनकास्ट: ऊन, डंपर आणि पाऊस

चंद्रपूरचा मे महिना माहीत असेलच. खाणीच्या तळाला तो आणखी दोन अंशांनी वर वाटतो. डोक्याला दुपट्टा, पाण्याची मोठी बाटली. जुने लोक खिशात कांदा ठेवतात, तो तुम्हीही ठेवा. लागला नाही तर डब्यासोबत खा.

जास्त माणसं उन्हाने नाही, गाड्यांनी मरतात. शंभर टनी डंपरच्या ड्रायव्हरला त्याच्या उजव्या बाजूची जीप दिसतच नाही. डंपरच्या मागे किंवा उजवीकडे कधी उभे राहू नका, जीपवर उंच काठीला झेंडा असल्याशिवाय हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, जाऊ नका. रॅम्प सोडून हॉल रोडचा चढ १६ ला १ पेक्षा जास्त नसावा, हा नियम मी पाठ केला होता. त्याचा अर्थ पहिल्या पावसात कळला, जेव्हा जरा जास्त चढ ठेवलेल्या तुकड्यावर भरलेला डंपर ब्रेक दाबूनही हळूहळू मागे सरकत बर्मला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या मातीच्या बांधाला, टेकला. बर्म नीट घातलेला होता म्हणून ड्रायव्हर रात्री घरी जेवला.

ब्लास्टिंगच्या वेळी ५०० मीटरचा धोक्याचा पट्टा रिकामा करायचा. तुम्हाला एखाद्या रस्त्यावर लाल झेंडा घेऊन उभं करतील. कंटाळवाणं काम आहे. तिथून हलू नका.

७. न पाहता सही नाही

पाहणीचा रिपोर्ट म्हणजे कायदेशीर कागद. अपघात झाला की पहिल्यांदा तीच वही जप्त होते. शिफ्ट संपताना कुणीतरी म्हणेल, "साहेब, कालच्यासारखंच आहे, मारा सही." वरचे साहेबही म्हणतील. नव्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. मी एक युक्ती वापरतो: 'मी पाहून येतो, दहा मिनिटं द्या' म्हणायचं आणि खरंच जायचं. दोनदा असं केलं की तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. आणि स्वतःची एक छोटी डायरी ठेवा. तारीख, शिफ्ट, कुठे गेलो, काय पाहिलं, कुणाला सांगितलं.

८. गावात तुम्हालाच पाठवतील

याची कॉलेजात तयारीच होत नाही. ब्लास्टिंगने भिंतीला तडे गेले, विहीर आटली, डंपच्या, म्हणजे खाणीतून काढून ढीग लावलेल्या, मातीने शेत गेलं, अशा तक्रारी घेऊन गाव गेटवर येतं, आणि बोलायला सगळ्यात कनिष्ठ माणूस जातो. कंपन मोजायचं यंत्र घेऊन जा, पण आधी चहा घ्या, सरपंचांशी आणि म्हाताऱ्या माणसांशी बोला. ज्यांच्या जमिनीवर तुम्ही उभे आहात ते तेच. जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका. तक्रार लिहून घ्या आणि त्यांना पोच द्या.

९. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास

अनुभवाची अट पूर्ण व्हायला आली की डीजीएमएसच्या साइटवर अर्ज भरायचा. लागतील ते कागद:

• मॅनेजरच्या सहीचा अनुभवाचा दाखला, तारखांसकट, ठरलेल्या नमुन्यात
• सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट
• कोळशासाठी गॅस टेस्टिंगचं सर्टिफिकेट
• वैद्यकीय दाखला, डिग्री, जन्मतारखेचा पुरावा

प्रथमोपचार आणि गॅस टेस्टिंग पहिल्याच वर्षात उरकून टाका. बाकी सगळं तयार आणि हे दोन नाहीत म्हणून अर्ज लांबलेले मी कितीतरी पाहिलेत.

मान्यताप्राप्त डिग्री असेल तर बाकीच्या विषयांतून सूट मिळते आणि एकच पेपर राहतो: व्यवस्थापन, कायदा आणि सुरक्षा. एकच म्हणून हलक्यात घेतात आणि पडतात. नियम सलग वाचून लक्षात राहत नाहीत. मी रोज एक नियम घ्यायचो आणि दुसऱ्या दिवशी तो खाणीत कुठे दिसतो ते शोधायचो: हा बर्म, हा मॅगझिनचा, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराचा, दरवाजा, ही पंख्याची नोंदवही.

दाखल्याबद्दल शेवटचं. मॅनेजरची बदली होते, आणि ती अचानक होते. नवा मॅनेजर तुम्हाला ओळखत नसतो, तो आधी रजिस्टर शोधायला लावतो, रजिस्टर एरिया ऑफिसला गेलेलं असतं. म्हणून बदलीची नुसती कुणकुण लागली तरी त्याच दिवशी दाखला टाइप करून केबिनबाहेर उभे राहा. निरोपाची मिठाई संध्याकाळी नेली तरी चालते.